चोवीस हजार पत्त्यांचे चित्र



संगणकाच्या आज्ञावलीतून आणि आकड्यांच्या ढिगातून चित्र कसे निर्माण होते, या विषयावर बोलण्यासाठी व्याख्यानमालेच्या चालकांनी एखादा चित्रकार किंवा गणिताचा प्राध्यापक न बोलावता कामगार चळवळीतला माणूस उभा केला, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण शाळेपेक्षा सार्वजनिक वाचनालयात अधिक झाले आणि चित्रकलेची कोणतीही परीक्षा आम्ही दिलेली नाही. परंतु या विषयाची गंगोत्री जेथे आहे, ती जागा आमच्या चांगल्या ओळखीची आहे. ती म्हणजे विणकराचे घर. तेव्हा संगणकाला जरा बाहेर बसवून आपण आधी मागापाशी जाऊ.

1839 साली फ्रान्समधल्या लियॉन शहरात एक चित्र तयार झाले. खुर्चीवर एक वयस्क गृहस्थ बसले आहेत. हाती कंपास आहे, भोवती हत्यारे आहेत, भोके पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते आहेत, जवळच मागाचे एक लहानसे प्रतिरूप ठेवलेले आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छाप घ्यावी, तसे बारीक, छायाप्रकाशाचे काम. पाहणारा हटकून म्हणे, काय सुरेख छाप आहे! आणि तेथेच फसे. कारण त्या चित्रात शाईचा एक थेंब नाही. ते सबंध रेशमाच्या धाग्यांनी मागावर विणलेले आहे. चित्रातले गृहस्थ म्हणजे जोसेफ मारी जाकार. आमच्याकडचे विणकर ज्याला जेकार्ड म्हणतात, त्या यंत्राला ज्यांचे नाव मिळाले ते. मूळ रंगचित्र क्लोद बॉनफाँ या चित्रकाराचे, विणणारा मिशेल मारी कार्किया. आणि हे चित्र विणण्यासाठी सुमारे 24,000 पत्ते लागले होते. एकेका पत्त्यावर भोक पाडण्याच्या हजाराहून अधिक जागा. म्हणजे हिशेब करा: दोन कोटी चाळीस लाखांहून अधिक जागा, आणि त्या प्रत्येक जागी एकच प्रश्न, भोक आहे की नाही?

आज आपल्या खिशातल्या फोनवर नातवंडाचे चित्र उमटते, तेही अशाच ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या राशीतून उमटते. संगणकाचे शास्त्र त्याला एक आणि शून्य म्हणते. विणकर भोक आणि पुठ्ठा म्हणत असे. एवढाच फरक.

हे यंत्र चालते कसे, ते दोन शब्दांत सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे सारे हवेत राहील. कापडात दोन धागे. उभा तो ताणा, आडवा तो बाणा. ताण्याचे काही धागे वर उचलले, काही खाली ठेवले, की मधून धोटा बाणा घेऊन जातो. साध्या कापडात एक सोडून एक धागा उचलला की भागते. पण फूल काढावयाचे असेल, तर दर फेरीला कोणते धागे उचलावयाचे याचा हिशेब बदलतो. जाकारच्या यंत्रात ताण्याच्या धाग्यांना आकडे जोडलेले असतात आणि प्रत्येक आकड्याला एक आडवी सुई. दर फेरीला एक पत्ता सुयांवर येऊन दाबतो. जेथे भोक आहे, तेथे सुई आरपार जाते, आकडा जागच्या जागी राहतो आणि वर जाणाऱ्या पट्टीत अडकून आपला धागा उचलतो. जेथे भोक नाही, तेथे सुई मागे ढकलली जाते, आकडा पट्टीवरून सरकतो आणि धागा खालीच राहतो. एक पत्ता म्हणजे बाण्याची एक फेरी. पत्ते एकमेकांना दोरीने ओवून माळ केली, ती फिरत राहिली, की फुलामागून फूल विणले जाते आणि विणकराला फुलाची आठवण ठेवावी लागत नाही. आठवण पत्त्यांच्या माळेत आहे.

मग त्याआधी ही आठवण कोठे होती? दोन ठिकाणी. एक तर दोऱ्यांत. आपल्या बनारसचे नक्शबंद कारागीर कागदावरचे नक्षीकाम दोऱ्यांच्या जाळ्यात बांधून देत. कोणत्या फेरीला कोणते धागे ओढावयाचे, ते त्या जाळ्यातच बांधलेले असे. ज्यांना आज्ञावली म्हणजे काय ते समजून घ्यावयाचे असेल, त्यांनी या जाळ्याचा विचार करावा. तीही आज्ञावलीच, फक्त दोऱ्याने लिहिलेली. आणि दुसरे ठिकाण म्हणजे दोऱ्या ओढणारे पोर. लियॉनमध्ये मागाच्या बाजूला बसून दिवसभर या दोऱ्या ओढण्याचे काम बहुधा मुले-मुली करीत. ओझे बरेच, जागा अडचणीची, आणि चूक झाली की कापड बिघडले. जाकार स्वतः विणकराचाच मुलगा, जन्म 1752 चा. लहानपणी त्यानेही हे काम केले होते, असे त्याचे चरित्रकार सांगतात. यंत्र सगळे त्याने एकट्याने शोधले, असे मात्र नव्हे. 1725 साली बासील बुशाँ याने भोकांची कागदी गुंडाळी वापरली, मग फाल्कन याने पत्ते आणले, 1745 च्या सुमारास वोकाँसाँ याने मनुष्याविना चालणारा माग रचला. जाकारने हे सारे जुळवून 1804 च्या सुमारास कामास येईल असे यंत्र उभे केले. शोधाचे श्रेय एका माणसाच्या पुतळ्याखाली कोरण्याची जगाला सवय आहे. कारखान्यात ज्यांनी एक दिवस काढला आहे, त्यांना ठाऊक असते की असे सहसा होत नाही.

नेपोलियनच्या सरकारने यंत्र सर्वांसाठी खुले केले आणि जाकारला पेन्शन बांधून दिले. विणकरांना ते प्रथम रुचले नाही. यंत्रे भर चौकात जाळल्याच्या आणि जाकारला नदीत ढकलू पाहिल्याच्या कथा आहेत. या कथा सांगताना विद्वान मंडळी विणकरांच्या अडाणीपणावर हसतात. आम्हांला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. दोऱ्या ओढणाऱ्या मुलाची मजुरी घरात येत होती, ती बंद होणार होती. मुलाची त्या अडचणीच्या जागेतून सुटका झाली, हे चांगलेच झाले. पण सुटका झालेल्या मुलाने जेवावे कोठे, हे यंत्रात लिहिलेले नव्हते.

पुढे वीस-पंचवीस वर्षांत यंत्र सगळीकडे पसरले. लियॉनच्या क्रॉआ-रूस या टेकडीवर विणकरांची वस्ती उभी राहिली. ती घरे आजही आहेत, आणि त्यांची छते सुमारे 4 मीटर उंच आहेत. कारण हे यंत्र मागाच्या डोक्यावर बसते आणि त्याला उंची लागते. कुटुंब माळ्यावर निजे, माग खाली. घर माणसासाठी नव्हे, मागाच्या मापाने बांधलेले. आमच्याकडच्या यंत्रमागाच्या गावांतून ज्यांनी घरे पाहिली आहेत, त्यांना याचा अर्थ सांगावयास नको.

आता व्यवस्था कशी होती ती पाहा. वर मूठभर व्यापारी. मधे सुमारे 8,000 मालक-विणकर, म्हणजे ज्यांच्या घरात दोन-चार माग आहेत असे. खाली त्यांच्या हाताखालचे सुमारे 30,000 कामगार. माग विणकराचा, जाकारच्या यंत्राचा खर्च विणकराचा. रेशीम व्यापाऱ्याचे, नक्षी व्यापाऱ्याची, आणि गिऱ्हाईकही व्यापाऱ्याचेच. दर ठरवणार तोही व्यापारीच. रेशमाचा बाजार पडला की दर पाडला जाई. 1831 च्या ऑक्टोबरात विणकरांनी किमान दराचे पत्रक मागितले. जिल्ह्याच्या प्रमुख अधिकाऱ्याने दोन्ही बाजू एकत्र बसवल्या आणि पत्रकावर सह्याही झाल्या. परंतु शंभराच्या वर व्यापाऱ्यांनी ते मानण्यास नकार दिला. 21 नोव्हेंबरला टेकडीवरचे विणकर खाली उतरले. हाती काळे निशाण होते आणि त्यावर अक्षरे होती, त्यांचा भावार्थ असा की काम करून जगू, नाहीतर लढून मरू. दोन दिवसांत सबंध शहर त्यांच्या ताब्यात आले. ताब्यात आल्यावर त्यांनी काय केले? पहारे बसवले आणि लूट होऊ दिली नाही. डिसेंबरच्या आरंभी मार्शल सूल्त आणि राजपुत्र 20,000 सैन्य घेऊन आले. दरपत्रक रद्द झाले आणि सह्या घडवून आणणाऱ्या अधिकाऱ्याला परत बोलावले गेले. 1834 च्या एप्रिलात पुन्हा उठाव झाला, तो सहा दिवसांत चिरडला गेला, तीनशेंहून अधिक माणसे मेली. त्याच वर्षी ऑगस्टात जाकार वारला.

त्यानंतर पाच वर्षांनी ते रेशमी चित्र विणले गेले, आणि सहा वर्षांनी, 1840 साली, शहरात जाकारचा पुतळा उभा राहिला. चित्र सुंदरच आहे. पण ते पाहताना आम्हांला हेही दिसते की ज्या शहराने हे चित्र विणले, त्याच शहराच्या रस्त्यावर विणकरांवर तोफा डागल्या गेल्या होत्या, आणि मधे फक्त पाच वर्षे गेली होती.

या चित्राची एक प्रत लंडनला चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाकडे होती. बॅबेजला मनुष्याऐवजी आकडेमोड करणारे यंत्र बांधावयाचे होते, आणि आयुष्यभर ते पुरे झाले नाही. त्याच्या घरी संध्याकाळी मोठमोठे लोक जमत. तो हे चित्र पाहुण्यांना दाखवी आणि हे काय आहे असे विचारी. चित्रकलेतले जाणतेही छाप म्हणत. एकदा ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि राणी व्हिक्टोरियाचे पती आल्बर्ट आले होते. ड्यूकची फसगत झाली, आल्बर्टला मात्र खरे काय ते ठाऊक होते. ही हकीकत बॅबेजने आपल्या आठवणींत नोंदवली आहे. गंमत म्हणून तो हे करी असे नव्हे. त्याला सांगावयाचे होते ते असे: पत्त्यांची माळ जर रेशमात माणसाचा चेहरा काढू शकते, तर तीच माळ यंत्राकडून वाटेल ते गणितही करवून घेऊ शकेल. त्याने आपल्या नव्या यंत्राच्या आराखड्यात जाकारचे पत्ते घेतले. आकडे साठवण्याच्या भागाला त्याने कोठार म्हटले आणि जेथे आकडेमोड व्हावयाची त्या भागाला गिरणी. होय, गिरणी! संगणकाच्या पहिल्या आराखड्यातला मेंदू ‘गिरणी’ या नावाने जन्माला आला, हे परळ-लालबागच्या आमच्या जुन्या मंडळींना सांगितले, तर त्यांना आनंद होईल. मुंबईत मागाला साचा आणि विणाईच्या खात्याला साळखाते म्हणत. बॅबेजच्या कल्पनेतले यंत्र साळखात्यात सहज खपून गेले असते.

1843 साली या यंत्रावरच्या एका फ्रेंच लेखाचे भाषांतर एडा लव्हलेस या बाईंनी केले आणि त्याला मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट लांबीच्या टिपा जोडल्या. कवी बायरनची ही मुलगी, त्या वेळी वय अठ्ठावीसच्या आत. माग जसा फुले-पाने विणतो, तसे हे यंत्र बीजगणिताचे आकृतिबंध विणील, असे तिने म्हटले. इतकेच नव्हे, तर स्वरांचे परस्परसंबंध यंत्राला समजतील अशा रीतीने मांडता आले, तर ते संगीतही रचू शकेल, हेही तिने लिहून ठेवले. मात्र त्याच टिपांत दुसरीही गोष्ट आहे: यंत्र स्वतः होऊन काही निर्माण करीत नाही, आपण जे सांगू शकतो तेवढेच ते करते. आज सबंध जग ज्या वादात सापडले आहे, त्याची दोन्ही टोके एका बाईने एकाच ठिकाणी लिहून ठेवली, आणि छत्तिसाव्या वर्षी ती वारली.

मधला काळ भरभर ओलांडू. अमेरिकेत हरमन हॉलरिथ याने 1890 च्या जनगणनेसाठी भोकांचे पत्ते वापरले. सहा कोटींच्या वर माणसे, माणशी एक पत्ता. रेल्वेचे कंडक्टर तिकिटावर भोके पाडून उतारूचे वर्णन नोंदवीत, ते पाहून कल्पना सुचल्याचे त्याने सांगितले आहे. येथून पत्त्यावर नक्षीऐवजी माणूस आला.

आणि आकड्यांतला माणूस पुन्हा चित्रात आणण्याचे काम ज्यांनी केले, त्यांतल्या एकाचे नाव आम्हांला घेतलेच पाहिजे. 1900 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाने, अटलांटा विद्यापीठातल्या आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने, सुमारे साठ तक्ते मांडले. गुलामगिरी जाऊन पस्तीस वर्षे झाली होती. जॉर्जियातल्या कृष्णवर्णीयांची जमीन किती, साक्षरता किती, कोण कोणत्या धंद्यात आहे, हे सारे लाल, हिरव्या, काळ्या, पिवळ्या रंगांत हाताने काढलेले. एका तक्त्यात सरळ रेघ कागदात मावेना, तेव्हा तिची चक्री करून आत गुंडाळली आहे. आज ते तक्ते पाहिले तर अमूर्त चित्रकलेची चित्रे वाटतात. आणि युरोपात तसली चित्रे निघण्यास अजून दहा वर्षे अवकाश होता. कामगार सभेत आम्ही पगाराचे आणि महागाईचे आकडे कित्येकदा वाचून दाखवले आहेत. माणसे जांभया देतात. तेच दोन रंगांच्या दोन पट्ट्यांत रंगवून फाटकाशी लावले, की गर्दी उभी राहते आणि कोणीतरी विचारतो, मधली जागा कोणाच्या खिशात गेली? चित्राचे सामर्थ्य आम्ही येथे शिकलो.

संगणक प्रत्यक्ष चित्रे काढू लागला तो 1960 च्या आगेमागे. तोवर संगणक म्हणजे खोलीभर यंत्र, आणि सूचना द्यावयाच्या त्या बहुधा भोकांच्या पत्त्यांवर किंवा पट्टीवर. न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत मायकेल नोल हा तरुण इंजिनियर 1962 पासून असे प्रयोग करीत होता. डच चित्रकार माँद्रियान याचे 1917 चे एक चित्र आहे, नुसत्या आडव्या-उभ्या काळ्या रेघांचे. नोलने संगणकाकडून तशाच धर्तीचे चित्र काढून घेतले आणि दोन्हींच्या नकला प्रयोगशाळेतल्या 100 माणसांपुढे ठेवल्या. यंत्राचे चित्र कोणते, हे फक्त 28 जणांनी बरोबर ओळखले. आणि अधिक आवडले कोणते? 59 जणांनी यंत्राचे सांगितले. यावरून यंत्र माँद्रियानपेक्षा मोठे ठरले, असे कोणी समजू नये. माँद्रियानने वाट काढली आणि नोलने त्या वाटेने यंत्र चालवले. चालणाऱ्याचे पाऊल नीटस पडले, तरी वाट काढणारा वेगळाच.

परंतु नोलची खरी गोष्ट पुढेच आहे. आपल्या एका चित्राचा स्वामित्वहक्क नोंदवावा म्हणून त्याने वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत अर्ज केला. कचेरीने तो परत केला: हे यंत्राने काढले आहे, माणसाने नव्हे. नोलने कळवले की यंत्राला सांगणारी आज्ञावली माणसाने लिहिली आहे. पुन्हा नकार: यात आकडे स्वैर पडलेले आहेत, त्यात कर्तृत्व कसले? नोलने पुन्हा समजावले की स्वैर वाटणारे आकडेही माणसाने लिहिलेल्या रीतीनेच निघतात. अखेर 1965 साली नोंद झाली. त्या कचेरीतल्या कारकुनांना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न नेमका होता: हे काम कोणाचे?

त्याच 1965 च्या फेब्रुवारीत जर्मनीत श्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठात गेऑर्ग नीस या गणितज्ञाने संगणकाने काढलेली चित्रे मांडली. असे जाहीर प्रदर्शन बहुधा जगातले पहिलेच. मांडणाऱ्या प्राध्यापकांचे नाव माक्स बेन्झ. उद्घाटनाला शहरातले चित्रकार आले होते आणि ते चिडले. एकाने विचारले, तुमचे यंत्र माझ्या कुंचल्याचा फटकारा मारू शकेल काय? नीस म्हणाला, जरूर. मात्र तुम्ही तो कसा मारता, ते मला आधी नेमके सांगा. वातावरण इतके तापले की बेन्झ यांना समजूत घालावी लागली: ही आम्ही कृत्रिम कला म्हणतो, तुमची ती खरी कला. समजूत पटली असेल असे आम्हांला वाटत नाही. कारागिराला त्याची कला शब्दांत सांगावयास लावणे, हा प्रकार दिसतो तितका निरुपद्रवी नाही. जुना विणकर, जुना फिटर हात कसा चालवतो ते सांगू शकत नाही. आणि जोवर सांगू शकत नाही, तोवर त्याला कामावर ठेवावे लागते.

नीसचे सर्वांत गाजलेले चित्र 1968 च्या सुमारासचे. त्याचे जर्मन नाव शॉटर, म्हणजे आपली खडी. आडवे 12 आणि उभे 22, असे 264 चौकोन. वरच्या ओळींत चौकोन फरशीसारखे नीट बसलेले आहेत. खाली येऊ लागले की एखादा किंचित कलतो, मग शेजारचा सरकतो, आणि तळाशी येईतो ट्रकमधून खडी ओतावी तसे सगळे विस्कटून पडतात. आज्ञावली अगदी लहान. दर ओळीला स्वैरपणा थोडा वाढवीत जा, इतकेच सांगितले आहे. परंतु चित्रापुढे उभे राहिले की पाय हलत नाही. शिस्त मोडते ती कोणत्या ओळीत, हे डोळा शोधत राहतो आणि त्याला ती ओळ सापडत नाही.

याच मार्गावरच्या व्हेरा मोल्नार या बाई आम्हांला विशेष आवडतात. जन्म बुडापेस्टचा, 1924 चा. 1947 पासून पॅरिसला. हाती संगणक येण्याच्या आधी, 1959 पासून, त्यांनी मनातल्या मनात एक यंत्र कल्पिले. स्वतःला नियम घालून द्यावयाचे आणि यंत्रासारखे ते पाळून हाताने चित्रे काढावयाची. खरा संगणक मिळाला तो 1968 साली. सुव्यवस्थेत अगदी शेकडा एक अव्यवस्था मिसळावी, असे त्या म्हणत. 2023 च्या डिसेंबरात, शंभरीला महिना राहिला असता, त्या वारल्या. आणि नीसच्या जोडीने 1965 साली चित्रे मांडणारा फ्रीडर नाके यानेच 1971 साली संगणककला मुळी नसावीच, असे लिहिले. चित्रांचा बाजार नवनवी टूम शोधत असतो आणि संगणकाची माणसे त्याला ती पुरवत आहेत, हा त्याचा आक्षेप होता. पुढे तो या कलेकडे परतला, पण आक्षेप काही खोटा नव्हता.

येथे एका विणकामाचा उल्लेख न केला तर आमच्यासारख्याने बोलून काय उपयोग? 1960 च्या दशकात अमेरिकेची याने चंद्राकडे निघाली, त्यांच्या संगणकातली आज्ञावली मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावच्या कारखान्यात बायकांनी हाताने विणली. तार कड्याच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. एक तार चुकली तर यान चुकणार. इंजिनियर मंडळी या स्मृतीला थट्टेने म्हाताऱ्या बायांची स्मृती म्हणत. चंद्रावर उतरलेल्यांची नावे शाळेतल्या पोरांना पाठ आहेत, तार ओवणाऱ्या बायांची नाहीत. असो.

आता आजचे. गेल्या काही वर्षांत अशी यंत्रे आली आहेत की त्यांना नियम सांगावा लागत नाही. कोट्यवधी चित्रे आणि त्यांची वर्णने त्यांच्यापुढे ओतली जातात, त्यांतून ती आपले आपण प्रमाण काढतात, आणि मग आपण चार शब्द लिहिले की चित्र हजर होते. बेन्झच्या पाहुण्याला नीसने जो प्रश्न टाकला होता, तुमचा फटकारा कसा ते सांगा, तो आता कोणी विचारीत नाही. तुमची चित्रे घेऊन ठेवली म्हणजे पुरे. 2023 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या तीन चित्रकारांनी अशा यंत्रांच्या कंपन्यांवर दावा लावला. त्यांचे म्हणणे, आमची चित्रे आम्हांला न विचारता यंत्राला चारली. त्याच वर्षीच्या ऑगस्टात वॉशिंग्टनच्या न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात निकाल दिला की माणसाच्या कर्तृत्वावाचून निघालेल्या चित्राला स्वामित्वहक्क नाही. नोलच्या अर्जावरचा प्रश्न अठ्ठावन्न वर्षांनी पुन्हा वर आला. नोल कचेरीला सांगू शकला की आज्ञावली मी लिहिली. या यंत्राच्या चित्रापुढे तसे म्हणणारा माणूस कोण? टेकडीवरच्या विणकराला निदान माहीत होते की माग आपला आहे आणि नक्षी दुसऱ्याची. येथे नक्षी कारागिरांची, माग कंपनीचा, आणि नक्षी कोणाकडून घेतली याची वहीच कोणी ठेवलेली नाही.

आम्हांला या यंत्राचा राग नाही. खडीच्या चित्रापुढे आम्ही जसे उभे राहिलो, तसे याही चित्रांपैकी एखाद्यापुढे उभे राहिलो आहोत. आमची विचारणा दरपत्रकाची आहे. आणि ही विचारणा कोणी केलीच नाही असेही नाही. 2023 च्या 2 मे रोजी अमेरिकेतल्या चित्रपट-दूरदर्शनच्या लेखकांच्या युनियनने संप पुकारला. तो 148 दिवस चालला. मधे नटनट्याही संपावर उतरल्या. तडजोड झाली तीत असे लिहून घेतले की यंत्राने लिहिलेला मजकूर लेखकाचे लेखन म्हणून धरला जाणार नाही. लेखकाच्या हाती दिलेला मजकूर यंत्राचा असेल, तर कंपनीने ते त्याला सांगितले पाहिजे. आणि यंत्र वापरण्याची सक्ती लेखकावर करता येणार नाही. लियॉनचे दरपत्रक पुरते सहा-सात आठवडेही टिकले नव्हते. या कराराची मुदत ठरली ती 1 मे 2026 पर्यंतची. तारीख आपल्या लोकांना पाठ आहे.